रक्ताचा रकाना : सिकलसेल तपासणीच्या इतिहासातून आपण काय शिकावे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी या दोन डॉक्टरांचा एक छोटा लेख लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मध्य भारतात, नागपूर परिसरात, सिकलसेलचा गुणधर्म महार समाजात आढळतो, अशी नोंद त्या लेखाने केली. ज्या समाजाने नुकतेच ते नाव मागे टाकले होते, त्याची नोंद वैद्यकशास्त्राच्या कागदावर त्याच नावाने झाली. धम्मक्रांतीचा इतिहास आपण दरवर्षी आठवतो. मात्र त्याच शहरातून, जवळपास त्याच काळात उघड झालेला आपल्या रक्ताचा हा इतिहास आपल्या घराघरांत क्वचितच सांगितला जातो. सांगितला गेलाच, तर लग्न मोडल्यावर किंवा लेकरू दगावल्यावर.

परदेशात स्थायिक झालेल्या आम्हा विदर्भीय बौद्धांना हा विषय दूरचा वाटू शकतो. तो तसा नाही, हे दाखवण्यासाठी या लेखात आम्ही तीन भूभागांचा विचार करणार आहोत : अमेरिका, ब्रिटन आणि विदर्भ. या तिन्ही ठिकाणी सिकलसेलची तपासणी झाली. परंतु कोणाची करायची, केव्हा करायची आणि केल्यानंतर काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी दिली गेली. त्या उत्तरांवर अनेक बालकांचे जगणे-मरणे ठरले.

आजार आणि वाहक

आरंभी थोडी शास्त्रीय भूमिका आवश्यक आहे. १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवून दिले. आईवडील दोघांकडून दोषयुक्त जनुक मिळाले, तर बाळाला आजार होतो. त्याला आपल्याकडे ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात. एकाकडूनच मिळाले, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते, म्हणजे ‘एएस पॅटर्न’. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांच्या पोटी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. आजार आणि वाहकत्व यांतील हा फरक वाचकांनी पक्का लक्षात ठेवावा, कारण पुढील इतिहासातले बरेच अनर्थ हा फरक विसरल्यामुळेच घडले आहेत.

हे जनुक आले कोठून? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवले की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य सागराचा किनारा आणि भारत या हिवतापाच्या पट्ट्यांत हे जनुक टिकून राहिले. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली : निलगिरीतील आदिवासींमध्ये, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांत कामासाठी गेलेल्या मजुरांमध्ये. महाराष्ट्रात ते गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात आढळते, बौद्धांमध्ये आढळते आणि कमी प्रमाणात तेली, कुणबी आदी समाजांतही आढळते. हिवतापाच्या डासाला जात ठाऊक नव्हती.

मग ते काही समाजांत अधिक का साठले? येथे ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘भारतातील जाती’ या निबंधाची आठवण होते. सजातीय विवाह हेच जातीचे मूळ लक्षण, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले होते. पिढ्यान्‌पिढ्या विवाह एकाच भिंतीच्या आत होत राहिले, की त्या भिंतीच्या आतील जनुकेही आतच फिरत राहतात आणि दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. म्हणजे सिकलसेल हा ‘आमच्या जातीचा रोग’ नव्हे. हिवतापाने जनुक टिकवले आणि जातिव्यवस्थेच्या बंदिस्तपणाने ते साठू दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

अमेरिका : तपासणी आधी, विचार नंतर

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. निरोगी दिसणाऱ्या लोकांची सामूहिक तपासणी केव्हा करावी, याची दहा सूत्रे त्यात होती. त्यांचा आशय असा की आजार महत्त्वाचा असावा, त्यावर मान्य उपचार असावा, निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असावी, चाचणी लोकांना मान्य असावी, आणि हे काम एकदाच करून संपवण्याचे नसून सतत चालवण्याचे असावे. हा अहवाल हाती असूनही पुढच्या चार वर्षांत अमेरिकेत नेमके उलट घडले.

कृष्णवर्णीयांच्या आजाराकडे सरकारचे लक्ष नाही, या रास्त संतापातून १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यावस्त्यांत मोफत सिकलसेल तपासणी सुरू केली. त्या पक्षाच्या नावावरून पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला, हे वाचकांना ज्ञात आहेच. पाठोपाठ सरकारेही जागी झाली. १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आणि मग इतर अनेक राज्यांनी तपासणीचे कायदे केले. मे १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय सिकलसेल नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. मात्र राज्यांचे कायदे एकसारखे नव्हते. कोठे शाळेत प्रवेश घेताना चाचणी सक्तीची, तर कोठे विवाहाच्या परवान्यासाठी. काही कायद्यांच्या मजकुरातच वाहक आणि रुग्ण यांची गल्लत होती. समुपदेशनाची व्यवस्था अपुरी होती आणि त्या काळी देता येण्याजोगा प्रतिबंधक उपचारही सिद्ध झालेला नव्हता. परिणामी निरोगी वाहकांवर आजाराचा शिक्का बसला. नोकरीत आणि विम्यात त्यांना अडथळे आले. हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती.

चित्र बदलले ते १९८६ मध्ये. डॉ. मॅरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत सिकलसेल असलेल्या लहान मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन तोंडाने देण्यात आले. न्यूमोकोकसच्या गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी नियोजित वेळेच्या आठ महिने आधीच थांबवण्यात आली. जन्मतः निदान होण्याला आता अर्थ प्राप्त झाला, कारण निदानानंतर देण्याजोगे, स्वस्त आणि प्राण वाचवणारे औषध हाती होते. १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेने प्रत्येक नवजात बालकाच्या तपासणीची शिफारस केली. तरीही अमेरिकेतील सर्व राज्यांत ती लागू होण्यास २००६ साल उजाडले. एकाच देशात जन्मलेल्या दोन बालकांपैकी एकाला औषध मिळाले आणि दुसऱ्याला नाही. या भेदाला जन्मस्थानाच्या राज्याखेरीज दुसरे कारण नव्हते.

ब्रिटन : पंधरा टक्क्यांची रेषा

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा एकच असल्याने तेथे असा भेद नसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. इतिहास निराळे सांगतो. फिनाइलकिटोन्युरिया नावाच्या दुर्मीळ चयापचय-विकारासाठी प्रत्येक नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेण्याची राष्ट्रीय पद्धत तेथे १९६९ पासूनच होती. तो आजार साधारण दहा हजारांत एका बाळाला होतो. सिकलसेल हा इंग्लंडमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या गंभीर आनुवंशिक आजारांपैकी एक; पण तो मुख्यतः आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांत आढळत असल्याने त्याच्यासाठी अशी राष्ट्रीय तपासणी नव्हती. टाचेतून थेंब घेतले जातच होते. प्रश्न त्या थेंबांची आणखी एक चाचणी करण्यापुरताच होता.

१९७९ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात परिचारिका एलिझाबेथ अनिओन्वू आणि रक्तविकारतज्ज्ञ डॉ. मिलिका ब्रोझोविच यांनी देशातील पहिले सिकलसेल समुपदेशन केंद्र उभारले. त्याच वर्षी रुग्ण व कुटुंबीयांसाठी सिकलसेल सोसायटीही स्थापन झाली. अमेरिकेतील चूक टाळायची, म्हणजे चाचणीच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलायचे, हे या केंद्राचे सूत्र होते. परंतु ब्रेंटमध्ये जे शक्य झाले ते इतरत्र झाले नाही. काही जिल्ह्यांत सर्व बाळांची तपासणी होई, काही ठिकाणी आईचा वर्ण वा आडनाव पाहून निवडक बाळांची, तर काही ठिकाणी कोणाचीच नाही.

१९९३ मध्ये सरकारच्या वैद्यकीय सल्लागार समितीच्या कार्यगटाने यावर तोडगा सुचवला : ज्या जिल्ह्यात गर्भवतींपैकी १५ टक्क्यांहून अधिक स्त्रिया वांशिक अल्पसंख्य असतील, तेथे सर्व नवजातांची तपासणी करावी. हिशेबाच्या दृष्टीने हे तर्कसंगत दिसते. परंतु चौदा टक्क्यांच्या जिल्ह्यात जन्मलेल्या बाळाच्या दृष्टीने पाहिले, तर त्या तर्काचा अर्थ काय? त्याचे रक्त तेच, आजार तोच, पेनिसिलिनही तेच. कमी होते ते फक्त त्याच्या शेजारपाजारच्या लोकांचे प्रमाण. शिवाय ‘कोणाची करायची’ हे रूपावरून वा नावावरून ठरवू लागल्यावर बाळे सुटू लागतात. मिश्र विवाह झालेले असतात, पूर्वजांची माहिती अपुरी असते, नोंद घेणारा घाईत असतो.

जुलै २००० मध्ये जाहीर झालेल्या आरोग्य सेवेच्या राष्ट्रीय आराखड्यात गर्भवती आणि नवजात यांची जोडलेली राष्ट्रीय तपासणी उभारण्याचे वचन देण्यात आले. २००६ पर्यंत संपूर्ण इंग्लंडमध्ये प्रत्येक नवजात बालकाची सिकलसेल तपासणी सुरू झाली. स्कॉटलंडने २०१० मध्ये, तर वेल्सने २०१३ मध्ये हे पाऊल उचलले. म्हणजे गॅस्टन यांच्या चाचणीनंतर वेल्समधील बाळाला सत्तावीस वर्षे वाट पाहावी लागली.

या कार्यक्रमाचे खरे बळ चाचणीयंत्रात नसून त्याने स्वतःला घालून दिलेल्या मुदतींत आहे. गर्भवतीची चाचणी दहा आठवडे पूर्ण होण्याच्या आत व्हावी, म्हणजे दांपत्याला निर्णयासाठी वेळ मिळतो. बाळाच्या टाचेतील रक्त पाचव्या दिवशी घ्यावे. निष्कर्ष पालकांना बाळ अठ्ठावीस दिवसांचे होईपर्यंत कळावा. आजार असलेले बाळ नव्वद दिवसांच्या आत तज्ज्ञांच्या दवाखान्यात पोहोचावे आणि त्याचे पेनिसिलिन सुरू व्हावे. कोणत्या भागात ही मुदत किती प्रमाणात पाळली गेली, याचे मोजमाप होते. आम्हा संगणक क्षेत्रातील मंडळींना हे लगेच उमगते : माहितीच्या साखळीत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर किती नोंदी पोहोचल्या, हे मोजले नाही, तर गळलेल्या नोंदी कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. येथे गळलेली नोंद म्हणजे एक बाळ असते.

असे असूनही उणिवा उरल्याच. गर्भवतींच्या बाबतीत इंग्लंडची विभागणी आजही कायम आहे. अधिक प्रमाण असलेल्या भागांत प्रत्येकीची हिमोग्लोबिनची तपासणी होते, तर कमी प्रमाणाच्या भागांत कुटुंबाच्या मूळ स्थानाविषयीची प्रश्नावली भरून घेऊन सिकलसेलची तपासणी ठरवली जाते. आणि तपासणीतून निदान झाले म्हणजे न्याय मिळाला, असेही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेतील सर्वपक्षीय गटाने सिकलसेल रुग्णांच्या उपचारांवर अहवाल प्रसिद्ध केला. असह्य वेदनेने रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर विश्वास न ठेवणे, वेदनाशामक देण्यास उशीर करणे, कर्मचाऱ्यांना आजाराची माहिती नसणे आणि या साऱ्यामागील वंशभेद यांची त्यात सविस्तर नोंद आहे. जन्माच्या पाचव्या दिवशी ज्याचे रक्त काळजीपूर्वक तपासले गेले, त्याच माणसाचा शब्द विसाव्या वर्षी खरा मानला गेला नाही.

विदर्भ : कार्ड हाती आल्यानंतर

आता मायदेशाकडे वळू. १९५८ च्या नोंदीनंतर विदर्भात संशोधन होत राहिले. नागपुरात नवजात बालकांची तपासणी करून त्यांचा पाठपुरावा करण्याचे मोलाचे कामही झाले. भारतातील सिकलसेल आफ्रिकेतील प्रकारापेक्षा सौम्य असतो, असा एक समज दीर्घकाळ प्रचलित होता. येथील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकते, हे त्या समजाचे कारण. परंतु विदर्भातील अनेक रुग्णांत आजार तीव्र स्वरूपाचा असल्याचे तेथील डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. ‘आपल्याकडचा सौम्य असतो’ या समजुतीवर विसंबणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.

महाराष्ट्र शासनाचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम विदर्भासह अनेक जिल्ह्यांत चालतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे ध्येय आणि शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. आदिवासींच्या आरोग्याकडे राष्ट्राने इतक्या उशिरा का होईना लक्ष दिले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु मोहिमेची आखणी प्रामुख्याने आदिवासी भाग डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. इंग्लंडमधील पंधरा टक्क्यांच्या रेषेने जो प्रश्न निर्माण केला, तोच येथेही विचारावा लागतो : आदिवासी नसलेल्या वस्तीत, समजा नागपूर शहरातील एखाद्या बौद्ध वस्तीत, जन्मलेल्या बाळाची तपासणी कोण आणि केव्हा करणार? जनुक प्रशासकीय सीमा पाळत नाही.

दुसरा प्रश्न गुणवत्तेचा. गावोगावच्या शिबिरांत प्रथम बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. ती स्वस्त आणि सोपी आहे; पण रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. नवजात बालकांत तर सोल्युबिलिटी चाचणी विश्वासार्हच नसते. पहिल्या चाचणीनंतर दुसरीपर्यंत माणूस पोहोचलाच नाही, तर त्याच्या पदरी उरते ती केवळ धास्ती. सात कोटींचा आकडा पहिल्या टप्प्याचा आहे. किती जणांचे निदान पक्के झाले, किती बाळांना पेनिसिलिन व लसी मिळाल्या, किती रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया जिल्ह्याच्या ठिकाणी न जाता गावाजवळ मिळते, हे आकडे त्याहून महत्त्वाचे आहेत आणि ते जिल्हानिहाय प्रसिद्ध व्हायला हवेत.

तिसरा प्रश्न कार्डाचा. तपासणीनंतर मिळणारे कार्ड विवाहापूर्वी जुळवून पाहावे, असा सल्ला दिला जातो. माहितीच्या आधारे दोन प्रौढ व्यक्तींनी स्वतः निर्णय घेणे, यात गैर काही नाही. परंतु आपल्या समाजात कार्ड प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडते? मुलीच्या सासरी होऊ घातलेल्या मंडळींच्या. ‘एएस’ ही दोन अक्षरे पाहून स्थळ परत जाते आणि मुलगा वाहक आहे का, हे विचारायचे राहूनच जाते. वास्तविक आजारी बाळ होण्यास दोघेही वाहक असावे लागतात. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत जे घडले तेच हे : वाहकाला रुग्ण समजणे, आणि समुपदेशनाशिवाय निष्कर्ष हाती देणे. जातीच्या शिक्क्यातून बाहेर पडण्यासाठी ज्या समाजाने धर्म बदलला, त्याने आपल्याच लेकींवर रक्ताचा नवा शिक्का मारावा, हे आम्हाला धम्माशी विसंगत वाटते.

आपल्यापुरते

परदेशात राहणाऱ्या आमच्या पिढीची एक विशेष अडचण आहे. आमच्यापैकी बहुतेकांचा जन्म भारतात, नवजात तपासणी नसलेल्या काळात झाला. ब्रिटनमध्ये आलो तेव्हा आम्ही प्रौढ होतो. येथील नवजात कार्यक्रमाचा आमच्याशी संबंध आला नाही. म्हणजे दोन देशांच्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत आम्ही उभे आहोत. गर्भारपणाच्या पहिल्या भेटीत सुईण प्रश्नावली पुढे करते, तेव्हा अनेकींना प्रथमच कळते की हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. तोवर कित्येकदा दहावा आठवडा उलटून गेलेला असतो.

यावर उपाय अवघड नाही. ज्यांचे मूळ विदर्भात वा आदिवासी पट्ट्यात आहे, त्यांनी मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडे हिमोग्लोबिनच्या तपासणीची मागणी करावी. पत्नीने आणि पतीनेही. सुईणीने विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. ‘इंडियन’ या एका शब्दात आपला इतिहास मावत नाही. सिकलसेल आमच्या भागात आढळतो, हे स्पष्ट बोलावे. गावी भावंडांची तपासणी झाली असेल, तर तिचा निष्कर्ष विचारून घ्यावा आणि आपला त्यांना कळवावा. आपल्या मंडळाच्या बुद्ध जयंतीच्या व धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत अर्धा तास या विषयाला द्यावा. आणि विवाह जुळवताना वाहक मुलीचे वा मुलाचे स्थळ नाकारले जात असेल, तर तेथे बसलेल्या जाणत्या माणसांनी गप्प राहू नये.

१९५८ च्या त्या लेखात ज्यांचे रक्त तपासले गेले, त्यांना त्याचा निष्कर्ष कोणी समजावून सांगितला होता का, याची नोंद इतिहासात नाही. त्यांच्या नातवंडांना आणि पणतवंडांना तो समजावून सांगणे आपल्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घरी एक साधी रक्ततपासणी करून होऊ शकते.